पाय टेकायची फळी

४ फेब्रुवारी

भोंग्याच्या मुलास,

भोंगा म्हणजे तुमचे वडील. तळ्यावर त्यांना सगळे याच नावाने हाक मारायचे, कारण या काठावरून ते बोलले की त्या काठावरचे बगळे उडायचे. तुम्हाला हे नाव कदाचित आवडणार नाही, पण दुसऱ्या कुठल्याही नावाने त्यांच्याबद्दल लिहायला गेलो की हात अडतो. मला तिथे कवळी म्हणतात. मी दातांच्या कवळ्या बनवतो. डॉक्टर माप पाठवतात, दात मी करतो, आणि नाव डॉक्टरांचं होतं. असो.

तुमचा पत्ता तुमच्या आत्यांनी दिला. "लिहा हवं तर, पण उत्तराची वाट बघू नका," असं त्यांनी आधीच बजावलं आहे. तरी लिहितोय.

वडील गेल्याचं त्यांनी तुम्हाला कळवलं होतं. तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल मी काही बोलणार नाही, मी कोण बोलणारा. ते कसे गेले तेवढं सांगतो. एका इमारतीची लिफ्ट दुरुस्त करून ते जिन्याने खाली उतरत होते. स्वतः दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये ते त्याच दिवशी कधी बसत नसत. "तिची माझी अजून ओळख व्हायचीय," म्हणायचे. मधल्या मजल्यावर पायरीवर टेकले ते उठलेच नाहीत. हत्यारांची पेटी शेजारी नीट बंद करून ठेवलेली होती. त्याच दिवशी सकाळी आम्ही तळ्यावर होतो आणि मी नेहमीप्रमाणे शिव्या खाल्ल्या होत्या.

आता कामाचं. त्यांची एक लाकडी होडी आहे. अरुंद, लांबलचक, दोघांची. तुम्हाला होड्यांचं काही माहीत नसावं म्हणून सांगतो. आम्ही दोघेही होडी जिकडे जाते तिकडे पाठ करून बसतो. प्रत्येकाच्या हातात एकच वल्हं, त्यांचं डावीकडे, माझं उजवीकडे. ते माझ्या पाठीमागे. अधूनमधून मान वळवून वाट तेच बघणार, मला फक्त त्यांचा आवाज. अकरा वर्षं आम्ही एका होडीत बसलो, पण पाण्यावर मी त्यांचं तोंड कधी पाहिलं नाही.

होडी तळ्यावरच्या क्लबच्या शेडमध्ये आहे आणि शेड महिनाअखेर पाडणार आहेत, तिथे गाड्या लावायची जागा होणार आहे. सेक्रेटरी म्हणतात, होडी वारसाची, वारसाचं पत्र आणा, नाहीतर करवतीने कापून लाकूड बाहेर टाकू. वारस तुम्ही. "होडी यांना द्यावी" एवढी एक ओळ मला हवी आहे. तुमच्यासाठी ती एक ओळ आहे. माझ्यासाठी काय आहे ते लिहायला गेलो तर तुम्ही हसाल.

कवळी


११ फेब्रुवारी

सप्रेम,

उत्तर नाही. हरकत नाही, टपालाला वेळ लागतो, असं मी बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही, आणि माझी बायको काही बोलत नाही तेव्हा ते ऐकवत नाही.

काल आत्यांकडे गेलो होतो. त्यांनी कपाटातून एक फोटो काढून समोर ठेवला. होडी तीच. मागे भोंगा, काळ्याभोर केसांचा. पुढे उंच, नुसता पायच पाय असलेला एक मुलगा, उजव्या हाताला वल्हं. मी विचारलं हा कोण, तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे तुम्हाला माहीतच नाही?" म्हणाल्या.

मला खरंच माहीत नव्हतं. "एक मुलगा आहे, लांब असतो," एवढं एकदा ते बोलले होते, आणि इतक्या हळू, की भोंग्याला हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. तुम्ही होडीत बसायचात हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आणि मी शहाणा तुम्हालाच होडी म्हणजे काय ते समजावत बसलो. माफ करा. म्हणजे मी बसतो ती जागा तुमची.

ती मला मिळाली कशी ते सांगतो. माझा दम तेव्हा जिन्यातच जायचा, म्हणून डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलं होतं. मी तळ्याला फेरी मारायच्या ऐवजी शेडसमोर उभा राहायचो. तरुणपणी मी दुसऱ्या एका तळ्यावर वल्हवायचो, मग लग्न, काम, पोरी, सगळं राहून गेलं. शेडमध्ये एक माणूस रोज त्या दोघांच्या होडीत एकटा बसलेला असायचा. होडी ठोकळ्यांवर, जमिनीवर, आणि हा आत बसून काहीतरी घासत असायचा. एक दिवस ओरडला, "नुसतं बघून काय होतंय? येतं का?"

"येतं," म्हटलं.

"कुठल्या हाताला?"

"उजव्या."

त्याने पुढच्या रिकाम्या जागेकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "बसा."

बसलो तर पाय टेकेनात. समोर पाय रोवायची फळी असते, ती इतकी दूर होती की मी लहान मुलासारखा पाय हलवत राहिलो. म्हटलं, फळी अलीकडे घ्या. तो म्हणाला, "नट जाम झालाय. निघत नाही." दुसऱ्या दिवशी फळीवर दोन लाकडी ठोकळे बसवलेले होते. पाय टेकले. आम्ही पाण्यात उतरलो.

आत्यांनी बाकीचंही सांगितलं. तुमच्या आई आजारी होत्या, तरी भोंगा म्हणाला, एक फेरी मारून येऊ. तुम्ही दोघे गेलात, आणि परत आलात तेव्हा त्या नव्हत्या. घर सोडताना तुम्ही म्हणालात, "आता बसा त्या होडीत एकटे." आणि तो खरंच एकटा बसला होता हो, जमिनीवरच्या होडीत. मी स्वतः पाहिलंय.

एक ओळ. आता मी मागतोय ते फार आहे हे मला कळतंय, तरी मागतोय.

कवळी


१६ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं.

"तोडून टाका. मला पुन्हा लिहू नका." अक्षर हुबेहूब बापाचं आहे, तोच आडदांड 'त'. पाकीट हातात घेतलं तेव्हा वाटलं त्यानेच पाठवलंय.

यापुढे मी तुला तू म्हणणार. तुझ्या जागेवर अकरा वर्षं बसलोय, तेवढा हक्क माझा झाला.

सेक्रेटरींनी विचारलं, वारसाचं काही आलं का? मी म्हटलं, अजून नाही. पत्र माझ्या शर्टाच्या खिशात होतं. ते दाखवलं असतं तर दुपारीच करवत चालली असती. खोटं बोलण्याचं मला काही वाटलं नाही, हे लिहूनच टाकतो.

तोडून टाका म्हणे. ती होडी म्हणजे काय खुर्ची आहे, पाय मोडला की अंगणात टाकायची? दर वर्षी तिला घासून वार्निश करताना तो आणि मी आठवडाभर खोकत असायचो. माझ्या अंगाला त्या वार्निशचा वास यायचा म्हणून बायको मला वेगळ्या खोलीत झोपवायची. माझ्याशी दिवसभर कोण बोलतं, विचार. दिवसभर मी खिडकीपाशी बसून लोकांच्या जबड्यांचे साचे तासतो. प्लास्टरची तोंडं, एकही बोलत नाही. मला माणसाचा आवाज सकाळी ऐकायला मिळायचा, तोही पाठीमागून, तोही शिव्या. "हात खाली. पाणी कापू नको, ढकल. झोपलास काय, बाळ्या?" मी साठीचा माणूस, आणि मला बाळ्या म्हणायचा. मी मुकाट ऐकून घ्यायचो. मला आवडायचं.

आता तो गेल्यापासून मी सकाळी उठतो आणि कुठे जायचं ते कळत नाही. कपडे चढवून पलंगावर बसून राहतो.

आणि आईचं म्हणशील तर तूही त्याच होडीत होतास. एक वल्हं तुझ्याही हातात होतं. त्याने एकट्याने वल्हवली असती तर ती काठावरून हललीही नसती.

कवळी


१९ फेब्रुवारी

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि दहा पावलांवर भान आलं की शेवटचं ते वाक्य मी काय लिहून बसलो. परत जाऊन पेटीच्या फटीत हात घातला. मनगट अडकलं. पोस्टातल्या बाईंनी साबण लावून सोडवलं, वर विचारलं, "पैसे पडले का आत?" मी म्हटलं, नाही, जीभ पडली. त्यांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. फिरलंयच.

तू ते वाचलं असशील. मला तसं लिहायचा अधिकार नव्हता. मला वाटतं तुला ते माहीत आहे, रोज माहीत असतं, आणि म्हणूनच तू येत नाहीस. त्यालाही माहीत होतं. तो गप्प राहायचा, तू लांब राहतोस. एवढाच तुमच्या दोघांतला फरक.

काल मी होडी एकटा पाण्यात घेऊन गेलो. सेक्रेटरी जेवायला गेले होते. माझ्या जागेवर बसलो, माझं वल्हं मारलं, आणि ती गोल फिरली. पुन्हा मारलं, पुन्हा गोल. काठावर फिरायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी थांबलो नाही. चक्कर येईपर्यंत फिरत राहिलो, का ते मला विचारू नकोस. पाठीमागून "काय चाललंय, बाळ्या" ऐकू येईल असं वाटत होतं, दुसरं काय.

शेवटी बायको आली, तिला कुणीतरी सांगितलं असणार. काठावर चपला काढून गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, "सरका, मी बसते." तिला पाण्याची भीती वाटते, जन्मभर तळ्याकडे पाठ करून फिरली आहे ती. ती भोंग्याच्या जागी बसली नाही. "ती त्यांची," म्हणाली. मला तिथे बसायला लावून माझ्या जागेवर येऊन बसली, आणि दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून समोरच्या फळीकडे बघत राहिली.

"ही जागा तुमच्या मापाची नाही," म्हणाली. "ठोकळे काढले तर लांब पायाच्या माणसाची आहे."

"नट जाम आहे," म्हटलं.

"कुणी सांगितलं?"

"भोंग्याने."

ती मान न वळवता म्हणाली, "लिफ्टवाल्याचा नट जाम?"

मी तिला गप्प बस म्हटलं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच म्हटलं असेल.

कवळी


२२ फेब्रुवारी

बाळ्या,

हे नाव तुझं आहे. काल आत्यांना जाऊन विचारलं. घरात तुला हीच हाक होती म्हणे. मला वाटत होतं तो मला लाडाने म्हणतो.

पण हे नंतरचं. आधी नटाचं सांगतो.

बायकोचं बोलणं डोक्यातून जाईना. एक कवळी पॉलिश करायला घेतली ती फुकट घालवली. शेवटी पान्हा घेऊन शेडमध्ये गेलो. होडीत वाकलो, ठोकळ्यांच्या खाली हात घातला, नटाला पान्हा लावला आणि जोर लावायला श्वास घेतला.

पान्ह्याची गरज नव्हती, नट बोटांनी फिरला.

भरपूर ग्रीस होतं, ताजं. तो जायच्या दोन-चार दिवस आधीच लावलं असणार, पिवळसर, मऊ, बोटाला आलं. अकरा वर्षं तो मला सांगत राहिला जाम झालाय, आणि मी मान डोलावत राहिलो. आयुष्यभर लिफ्टचे गंजलेले बोल्ट सोडवणाऱ्या माणसाला होडीतला एक नट सुटत नाही, हे मी मानलं कसं? माझा धंदा मापाचा. केसाएवढा फरक पडला तर माणसाला घास चावत नाही, हे मी डॉक्टरांना ऐकवत असतो. आणि मी स्वतः दुसऱ्याच्या मापात बसून राहिलो.

त्याने तुझी फळी हलू दिली नाही. तू दरवाज्यातून आलास तर नुसतं बसायचं आणि पाय टेकवायचे, एवढं तयार ठेवलं होतं. गंज चढू नये म्हणून ग्रीस लावत होता. मला सांगायचा "घरी जा, मी कुलूप लावतो," तेव्हा मागे राहून हे करत असणार.

मी शेडमध्ये खाली बसलो आणि रडलो. त्याच्यासाठी नाही. खरं सांगतो, माझ्यासाठी. मी कोण होतो मग? होडी कलंडू नये म्हणून ठेवलेलं वजन? त्याला समोर एक पाठ हवी होती, आणि ती माझी होती इतकंच? मी त्याला माझा एकुलता एक मित्र समजत होतो. बायकोला विचार, मी घरी दुसरं बोलायचोच नाही. आणि तो शिव्या मला घालत होता की तुला, हेही आता मला माहीत नाही. मेलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही, म्हणून तुला विचारतोय. तू उत्तर देणार नाहीस हे माहीत असूनही.

रागाने ठोकळे उपटून काढले. फेकायचे होते.

फेकण्याआधी हातात नीट घेतले, सवय. उलटेसुलटे करून पाहिले. अकरा वर्षांत मी ते कधी असे पाहिलेच नव्हते, पाय ठेवायच्या वस्तूकडे कोण बघतं. रंध्याने तासलेले, कडा गोल केलेल्या, टाचेसाठी थोडा खळगा, वर पातळ चामडं चिकटवलेलं, आणि ते चामडं नवं. म्हणजे हेही तो बदलत होता. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की ते सारखे नाहीत. डावा उजव्यापेक्षा जाड आहे.

माझा डावा पाय आखूड आहे. लहानपणी झाडावरून पडलो होतो. बुटात मी एक टाच घालतो, माझीच बनवलेली, कवळीच्या गुलाबी मसाल्याची. माझ्या बायकोखेरीज हे जगात कुणाला माहीत नाही, माझ्या मुलींनाही नाही. मी लंगडतो असं कुणी म्हणू नये म्हणून आयुष्यभर काळजी घेतली आहे. होडीत मात्र बूट काढावे लागतात.

त्याने ते माझ्या पाठीवरून ओळखलं. कमरेतून मी किंचित कलतो ते त्याला दिसलं असणार, आणि तो भोंगा, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, तो याबद्दल एक शब्द बोलला नाही. घरी जाऊन ठोकळा जाड केला. कवळी उत्तम बसली की माणसाला ती आहे याचाच विसर पडतो. माझं तसंच झालं होतं.

आता मला काय वाटतंय ते सांगता येत नाही. उद्या लिहीन.

कवळी


२७ फेब्रुवारी

बाळ्या,

उद्या सकाळी ते करवत घेऊन येणार आहेत. सेक्रेटरींनी माझ्यासमोर माणसाला फोन केला. त्यांच्या हातापाया पडलो, म्हटलं अजून आठवडा द्या. ते वाईट माणूस नाहीत. "कुणासाठी थांबू?" म्हणाले.

मी काय केलंय ते लिहून ठेवतो. ठोकळे मी घरी आणले आहेत, ते माझे आहेत. फळी होती तिथेच ठेवली आहे. अलीकडे घेतली असती तर मला कुणालाही जोडीला घेऊन बसता आलं असतं, हे माझ्या लक्षात आलं नाही असं समजू नकोस. मी नट सोडला, फळी अलीकडे ओढली, बसून पाहिलं. फार छान बसली. मग पुन्हा मागे ढकलली. लाकडावर इतक्या वर्षांची खूण आहे, त्यामुळे जागा चुकली नाही. नट घट्ट केला आहे आणि वरून ग्रीस लावलं आहे. आता हे काम माझ्याकडे.

करवतवाला यायच्या आधी मी होडी पाण्यात घेणार आहे. बायको ढकलायला येतेय, चपला काढून. मी मागे बसणार, भोंग्याच्या जागी, डावं वल्हं घेऊन. डाव्या हाताला मी कच्चा आहे, पण शिकतोय. तळ्याच्या मध्यापर्यंत कसाबसा पोचेन आणि मग गोल फिरत राहीन. पाण्यातली होडी ते कापू शकत नाहीत. त्यांना वाटेल म्हातारा वेडा झाला, आणि किती वेळ फिरणार, अंधार पडला की येईल. येईन. पण परवा पुन्हा जाईन. अंगात बळ आहे तोवर जाईन. दुसरं मला काही सुचत नाही.

मागे बसलं की समोर पुढची रिकामी जागा दिसते. काल शेडमध्ये बसून पाहिली. तू गेल्यावर तो बघत बसायचा तशी. ही जागा सारखी बघत राहणं फार कठीण आहे रे. त्याने माझी पाठ समोर घेतली यात मला आता काही वावगं वाटत नाही.

तुझं ते पत्र अजून खिशात आहे, कुणालाही दाखवलेलं नाही. होडी तोडायची असेल तर तोड. तुझी आहे, तुझा हक्क आहे, करवत मी स्वतः आणून देईन. पण तू ये आणि तुझ्या हाताने तोड. त्याआधी एकदाच पुढे बस. वल्हं हातात घेऊ नकोस, पाण्यात उतरू नकोस, माझ्याशी बोलूही नकोस. फक्त पाय टेकतात का तेवढं बघ.

कवळी